शेड पाण्याने धुऊ नये

मी त्रिंबक मुंजाजी जोगदंड, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवतो. दबाव कोणाचाही नाही. बायकोचा आहे, पण तो कायदा धरत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी वत्सलाबाई हिला, तिच्या पश्चात मुलगा प्रविण याला. माझ्या प्रयोगाला त्याने चारचौघांत "बापाचं येड" म्हटले, ते मी विसरलेलो नाही. तरी घर देतो.

२. लेथ व वेल्डिंगचे सामान तन्वीर मिस्त्री याला. घरामागच्या शेडमधले पोलादी भांडे त्यानेच बांधले. त्यात सोडियम हा धातू वितळवून मी गरगर फिरवतो. पृथ्वीच्या पोटात वितळलेले लोखंड फिरून चुंबकत्व उपजते, तसे माझ्या भांड्यात उपजते का, एवढेच पाहायचे होते. बाहेरून चुंबक लावला की आतला प्रवाह त्याचे क्षेत्र ओढतो, पिळतो. चुंबक काढला की सगळे विरते. भांडे लहान पडते, वेग कमी पडतो. याचे मला फार दुःख आहे.

३. सोडियमला पाणी लागले की स्फोट होतो. माझ्यामागे शेड धुऊ नये. आमच्यात सुतक फिटताना घर धुऊन काढतात आणि वत्सला एक कोपरा सोडणार नाही. त्यात मी आणि तन्वीर वितळलेल्या धातूला भट्टीवाल्यांसारखे "पाणी" म्हणत आलो. ती म्हणते, "आत बी पाणीच हाय न्हवं? पाण्याला पाण्याचं कसलं भ्याव?"

तन्वीर म्हणाला, "काकू, ते नावाचं पाणी हाय. लई खतरनाक."

"मंग सुतकाचं घर तसंच ठिवू?"

४. वरील मजकूर आज तिला वाचून दाखवला. तिने विचारले, "हा कागद उघडायचा कवा?"

मी म्हणालो, "तेरावं झाल्यावर."

"आन् घर धुत्यात कवा?"

घर दहाव्यालाच धुतात. म्हणजे कागद उघडेपर्यंत शेड धुऊन झालेली असणार.

५. सबब, वेग वाढवून आणखी एकदा पाहायचा विचार होता, तो सोडतो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला फोन केला आहे. त्यांची माणसे येऊन सोडियम घेऊन जातील, शेड तपासून देतील. माझ्या भांड्यात चुंबकत्व उपजले असते की नाही, ते आता कळणार नाही. वत्सला शेड धुईल आणि पाय पुसून धड घरात येईल. तेवढे पुरे, असे म्हणवत नाही, तरी लिहून देतो.

तलवाडा, दि. ९ फेब्रुवारी २०२५

सही: त्रिं. मुं. जोगदंड

समक्ष सह्या करणारे साक्षीदार:
हनुमान आसाराम शेजूळ, शेजारी
दिपाली रविराज काळे, माजी विद्यार्थिनी