बाबांना कंटाळा का येत नाही

४ फेब्रुवारी
संकल्प: प्रबंध एप्रिलअखेर सादर. उरलंय एकच प्रकरण. बाकीचे संशोधक पुस्तकांतून आले, मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून. सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा कोण कोण हसलं, त्यांचे आवाज अजून ओळखतो.

माझा गेम साधा. खेळणारा बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसतो. एक म्हातारी येऊन कधीच बंद झालेल्या बसची चौकशी करते. खेळणारा जे टाइप करील त्यावरून एआय तिची गोष्ट दर वेळी बदलतं. दावा असा की, हा खेळ माणूस पुन्हा पुन्हा खेळतो, कंटाळत नाही.

९ फेब्रुवारी
चोवीस जणांवर चाचणी. बावीस एकदा खेळून पसार. दोघे परत आले, पैकी एक छत्री विसरला होता म्हणून. लोकांना चवच नाही.

१२ फेब्रुवारी
बाबांना बसवलं. तीस वर्षं डेपोच्या चौकशी खिडकीवर नोकरी केलेला माणूस. चाळीस मिनिटं जागचे हलले नाहीत. उठताना म्हणाले, बाई मोठी गोड आहे रे, पण हिला गाडी कुठली द्यायची?

२० फेब्रुवारी
बाबा रोज खेळतात. कधी दिवसातून तीनदा. म्हातारी आली की सरसावून बसतात, जणू पहिल्यांदाच पाहताहेत. एकोणीस खेळ्या! आलेख काढला: चोवीस बुटके खांब आणि एक मनोरा. भिंतीवर लावला.

ताईची भुणभुण. म्हणे बाबांनी सकाळी तिला तीनदा विचारलं, माझी आंघोळ झाली का. समजावलं, खेळात गुंतलेल्या माणसाचं असंच होतं, शास्त्रात याला इमर्शन म्हणतात. ती म्हणाली, परवा गॅस चालू ठेवून निघून गेले, तेही इमर्शनच का? शास्त्र न शिकलेल्यांशी वाद घालू नये.

२७ फेब्रुवारी
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून न सांगता बाहेर पडले. दुपारी डेपोतून फोन. खिडकीतल्या क्लार्कला म्हणत होते, ऊठ, माझी ड्यूटी सुरू झाली. क्लार्क भला, त्याने स्टूल दिलं होतं. परतताना ताई सारा रस्ता रडत होती. माझी नोंद: खेळाचा प्रत्यक्ष आयुष्यावर परिणाम. स्वतंत्र प्रकरण होऊ शकेल.

३ मार्च
गाइड मॅडमनी बाबांच्या खेळ्यांचा लॉग वाचला. बराच वेळ पानं मागेपुढे करत होत्या. म्हणाल्या, चौथ्या आणि सव्विसाव्या खेळीत यांनी अगदी तीच वाक्यं लिहिली आहेत. म्हटलं, शैली आहे त्यांची. मग मॅडमनी हळूच विचारलं, तब्येत कशी असते त्यांची? ठणठणीत, म्हटलं. म्हणाल्या, एआय बंद करून ‘आवृत्ती ब’ द्या. म्हातारी रोज शब्दन्‌शब्द तेच बोलेल. तरीही कंटाळले नाहीत, तर श्रेय तुमच्या एआयचं नाही.

चालेल की. तिसऱ्या दिवशी बाबा माउस फेकतील. लिहून ठेवतो.

६ मार्च
माउस फेकला नाही. बाबा पहिल्यापासून सोशिक.

१० मार्च
आवृत्ती ब, आठवी खेळी. म्हातारीचं तेच वाक्य. बाबा तसेच सरसावून बसले. बाई मोठी गोड आहे रे, म्हणाले.
शक्यता: मी लिहिलेले मूळ संवादच इतके सरस आहेत.

११ मार्च, सकाळ
ताई म्हणाली, दुकानात नुसत्या पंख्याच्या आवाजावरून मशीन कुठे बिघडलंय ते सांगायचास. घरात कान कुठे ठेवतोस?
डॉक्टरांची वेळ घेतली, तिच्या समाधानासाठी.

१४ मार्च
डॉक्टरांकडे. त्यांनी बाबांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले आणि अभिमानाने कागद पुढे केला. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंश आहे, किमान वर्षभरापासून सुरू असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. उपकार झाले.

१६ मार्च
मॅडम म्हणाल्या, बाबांच्या खेळ्यांची सगळी माहिती प्रबंधातून वगळावी लागेल. ती वगळल्यावर प्रबंधात उरतात चोवीस बुटके खांब. आलेख उतरवला. भिंतीचा रंग थोडा निघाला.

१९ मार्च
कॉम्प्युटर बाबांच्या खोलीतून हलवला. त्यांच्या लक्षातही आलं नाही. विचारलं भलतंच: तुझ्या डॉक्टरेटचं कुठवर आलं रे? म्हटलं, अडलंय. बहुतेक राहीलच. चेहरा उतरला. पाठीवर हात ठेवून म्हणाले, दुकान शून्यातून उभं केलंस, हेही करशील.

चहा येईपर्यंत पुन्हा विचारलं. पुन्हा खरं सांगितलं. चेहरा पुन्हा तितकाच उतरला. पाठीवर पुन्हा हात.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, मिळाली, बाबा.

ताडकन उठले. थांब, म्हणाले, आधी तुझ्या ताईला सांगतो. दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभे राहिले. बराच वेळ. मग वळून मला विचारलं, मी कुठे निघालो होतो रे?

म्हटलं, कुठे नाही. बसा.