नेम चुकवण्याचा प्लॅन

५ जानेवारी, सोमवार
शनिवारी मार्टिनच्या शेतावर फेझंटची शिकार. बॉसने स्वतः बोलावलं! मार्चमध्ये मॅनेजरची पोस्ट निघतेय. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा रानपक्षी. इंग्लंडमध्ये एक फेब्रुवारीला सीझन संपतो, म्हणजे आत्ताच जायला हवं. दर रविवारी मी वॉटफर्डच्या मुलांना विहारात पंचशील शिकवतो, हे त्याला कुठे माहीत? सुमेधाला सांगितलं, टीम बिल्डिंग आहे. तसं ते आहेच.

७ जानेवारी, बुधवार
नियम पाठ. पक्ष्यामागे आकाश दिसलं तरच बार टाकायचा. खालून उडणाऱ्यावर नाही. शेजारच्या शिकाऱ्याकडे उडणाऱ्यावर तर नाहीच, तो त्याचा पक्षी, ते फार असभ्य. माझा प्लॅन: नेम पक्ष्याच्या मीटरभर मागे धरायचा. छर्रे हवेत, मार्टिन खूश, शील शाबूत. सापही मरावा, काठीही तुटू नये. इथे तर सापसुद्धा मरत नाही!

१० जानेवारी, शनिवार, सकाळी ९.३०
बोटं बधिर. बंदूक मार्टिनची, तो शेजारीच उभा राहणार, म्हणून मला बंदुकीचं सर्टिफिकेट लागत नाही. त्याने फ्लास्कमधून जिन दिली. दोन घोट औषध म्हणून. तिसरा शिष्टाचार म्हणून.

दुपारी ४, गाडीत
माणसं झाडीतून ओरडत पक्षी उठवतात. तीन गेले, मी नुसता बघत राहिलो. मार्टिन म्हणाला, त्यांचे व्हिसा तपासतोयस का? सगळे हसले. मग ठरल्याप्रमाणे मागे नेम धरला. मागून दुसरा येत होता. तो पडला. तो मार्टिनचा होता. मार्टिनने बंदूक खाली घेतली. कुत्र्याने आणला तेव्हा पंख हलत होता. शेतावरचे पक्षी सांभाळणाऱ्या गेमकीपरने मान पिरगळली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. निघताना प्रत्येक पाहुण्याला सुतळीने बांधलेली पक्ष्यांची जोडी देतात. नको म्हणता आलं नाही. थँक यू म्हणालो, दोनदा.

११ जानेवारी, रविवार
विहारात न्यायचं खिरीचं पातेलं ठेवायला सुमेधाने डिकी उघडली.
हिंसा केली. दुसऱ्याचा पक्षी घेतला. खोटं बोललो. प्यायलो. पाचांतलं उरलं फक्त परस्त्रीचं. त्यात माझं कर्तृत्व नाही, कोणी विचारलंच नाही.
एक माझ्या हातून पडला, हे कबूल केलं. सुमेधा ओरडली नाही. एवढंच विचारलं, लगेच गेला ना तो? मी हो म्हणालो. तिने जोडी ओट्यावर आणून ठेवली, किल्ली मागितली. म्हणाली, मुलांचा वर्ग आज मी घेते, तुम्ही थांबा घरी.
घरी मी आणि ती जोडी. पंचशील म्हणायला बसलो. पहिलीच ओळ प्राणिहिंसेची. तिथेच अडलो.