उद्यापुरता

प्रिय प्रज्ञेश,

दोरा अर्ध्यावर अडकला आहे आणि हेअर ड्रायर तापून बंद पडला आहे. तो गार होईपर्यंत हे लिहिते. पार्किंगमध्ये, गाडीतच बसले आहे. वही स्टिअरिंगवर टेकवली आहे, म्हणून अक्षर असं. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून आणली आहे आणि तो सारखा येऊन बघून जातो. मॅडम केस वाळवायला खाली का आल्या, असा प्रश्न त्याला पडला असावा. मी डॅशबोर्डवरचा गणपती काढते आहे. ड्रायरनं खालचं सोल्युशन गरम करायचं, मऊ झालं की नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवायचा. तोच गणपती, ज्याच्याबद्दल तू दुपारी फोनवर म्हणालास, "ताई, उद्यापुरता राहू दे ना."

उद्या सकाळी श्रद्धाचे आईवडील लग्नाचं बघायला बडनेऱ्याहून रेल्वेनं येतील. मी त्यांना स्टेशनवरून या गाडीनं घरी आणायचं. तू बेंगलोरहून दुपारी पोचशील. तोवर त्यांनी गाडी पाहिलेली असेल, घर पाहिलेलं असेल, मी हिंजवडीत काय करते ते ऐकलेलं असेल. आपण बौद्ध आहोत हे तू त्यांना सांगितलेलं नाहीस. श्रद्धाला ठाऊक आहे, तिच्या घरी नाही. वानखेडे हे आडनाव सोयीचं आहे. समोरचा त्यात त्याला हवं ते ऐकतो. तुझं म्हणणं, आधी त्यांना माणसं आवडू देत, मग सांगू. एकदा सांगितलं की माणसं दिसायची बंद होतात, असंही तू म्हणालास. ते वाक्य चांगलं होतं. खोटंही नव्हतं.

गाडी तू अजून पाहिलेली नाहीस. फोटोत ती काळी आणि मोठी दिसते, एवढंच. मी ती पहिल्यांदा पाहिली सदाशिव पेठेत, डॉक्टर श्रीधर लेले यांच्या दवाखान्याखाली. त्या गल्लीत स्कूटर एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि त्यांच्यामध्ये ही, लहान मुलांच्या वर्गात चुकून बसलेल्या थोराड मुलीसारखी. जर्मन आहे. जुनीच घ्यायची हे माझं ठरलेलं होतं. नवी लहान गाडी ऑफिसात सगळ्यांकडे आहे. मला दार लावल्यावर बाहेरचा आवाज बाहेरच राहील अशी गाडी हवी होती. तेव्हा मुंबईच्या पुरात बुडालेल्या कितीतरी भारी गाड्या धुऊनपुसून पुण्यात विकायला आल्या होत्या. म्हणून मी सीटबेल्ट टोकापर्यंत बाहेर ओढला आणि चिखलाची रेघ आहे का ते पाहिलं. पायाखालचा गालिचा उचलून वास घेतला. इंजिनात तेल घालायचं झाकण उघडून त्याच्या आत पाणी शिरल्याचा पांढरा फेस आहे का ते पाहिलं. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री केली, मगच चालू करायला सांगितलं. गरम इंजिन बरंच काही लपवतं. डॉक्टर दाराशी उभे होते. म्हणाले, "अहो बाई, गाडी घ्यायला आलात की पोस्टमॉर्टेमला?" मी म्हटलं, मी सॉफ्टवेअर तपासते, दोष शोधायचाच पगार घेते. "मग चहा नंतर देतो," ते म्हणाले, "नाहीतर तोही तपासाल."

गणपती तेव्हाही इथंच होता. पितळी, अंगठ्याएवढा. किल्ल्या देताना डॉक्टर तो काढायला चाकू घेऊन आले, तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "असू द्या हो, गाडीबरोबर जाऊ द्या. या मंडळींचीही राखण करेल." मी म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत, आमच्याकडे त्याचं काही होणार नाही. एवढंच. माझा आवाज चढला नाही की उतरला नाही. डॉक्टरांनी चाकू खाली ठेवला. "मग त्याला जरा सुट्टी मिळेल," म्हणाले. "माझं ड्रायव्हिंग बघून दमलाय." बाईंनी सांगितलं, सवडीनं काढा, गाडीला ओरखडा पाडू नका, आणि इकडे आणून द्या, देवघरात जागा आहे. ती सवड मला आजवर मिळाली नाही. आई मात्र गाडी पुसताना त्याच्यावरूनही फडकं फिरवायची. मी विचारलं तर म्हणाली, "आपला नसला तरी पाहुणा आहे. पाहुण्याच्या अंगावर धूळ ठेवतात का?"

घेणं सोपं असतं. सांभाळणं मला जमतं, हे तू विचारलं नाहीस तरी सांगते. रविवारी सकाळी टायर गार असताना हवा बघते. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी कधी घालत नाही. दारांच्या रबराला पावडर लावते, म्हणजे ते चिकटत नाही. डावा आरसा एका टेम्पोनं उडवला तेव्हा मुंबईहून काच यायला इतका वेळ लागला की मान वळवून चालवायची मला सवयच झाली. चामड्याच्या सीट कोरड्या पडतात, त्यांना काहीतरी चोळावं लागतं, असं मी एकदा बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी आईनं खोबरेल चोळलं. आमचे मॅनेजर पांढरी पँट घालून बसले होते. ते उतरले तेव्हा मी काही बोलले नाही. त्यांचं प्रेझेंटेशन होतं. गाडीचं पोट जमिनीला इतकं जवळ आहे की भरल्या गाडीनं सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक ओलांडला तर खरवडतं. म्हणून तिथं सगळ्यांनी उतरायचं, मी एकटीनं तिरकी करून गाडी आत घ्यायची, मग सगळ्यांनी पुन्हा बसायचं. समोरचे रंगराव गॅलरीतून म्हणाले, "गाडी घेतल्यापासून वानखेडेबाईंचं चालणं वाढलं." आईनं वर न बघता उत्तर दिलं, "आणि तुमचं बोलणं."

आई मागे डावीकडे बसते. पहिल्या दिवशी ती माझ्या शेजारी बसायला लागली तेव्हा मी म्हटलं, या गाडीत मालक मागे बसतो. ती मागे बसली, दार लावलं, आवाज ऐकला, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "आयसीयूचं दार असं लागायला हवं होतं," म्हणाली. नोकरी संपली तरी तिला सगळी दारं वॉर्डाचीच वाटतात. हिंजवडीला कंपनीच्या फाटकावरचा गार्ड गाडी बघून सलाम ठोकतो आणि मग मागच्या सीटवर साहेब शोधतो. मी काच खाली करून सांगते, साहेब पुढे आहे. मला ते रोज सांगायला आवडतं. यात ऐट आहे हे मला कळतं. ती मी लपवत नाही.

तुला आठवत नसेल, आपण बिबवेवाडीत नवीन होतो. तू पहिलीत असशील. जिन्यात एका बाईंनी आईला विचारलं, "तुम्ही कोण म्हणायचं?" आई रात्रपाळी करून आली होती. म्हणाली, "नर्स." "ते नाही हो विचारत मी." "मग जे विचारायचंय ते विचारा की." बाईंना ते विचारता येईना. आई थोडा वेळ थांबली. खरंच थांबली, घाई असूनही, त्यांना वेळ मिळावा म्हणून. मग वर आली, आपल्याला दूध दिलं आणि झोपली. मी तेव्हा तिच्या मागच्या पायरीवर होते. आपल्याकडे काहीतरी आहे आणि ते त्या बाईंकडे नाही, एवढं मला तेव्हा कळलं. काय ते पुष्कळ नंतर कळलं.

तुझी अडचण मला समजत नाही असं समजू नकोस. तुला श्रद्धा हवी आहे. उद्या ते उठून परत गेले तर घाव तुला बसेल, मला नाही. मी सुरक्षित जागेवरून बोलते आहे. पण माझ्या कामात असा दिवस सारखा येतो. दोष सापडलेला असतो, तारीख जवळ आलेली असते, आणि कुणीतरी म्हणतं, आधी जाऊ दे, मग दुरुस्त करू. मी सही करत नाही. त्यामुळे ऑफिसात माझे मित्र कमी आहेत. आणि इथं तर दोषच नाही. जिथं दोष नाही तिथं काय लपवायचं, याचं मला शिक्षणच मिळालेलं नाही.

ड्रायर चालू झाला. थांबते.

निघाला. ओरखडा नाही. दोरा शेवटी अचानक सुटला आणि तो माझ्या ओंजळीत पडला, गरम. आई म्हणाली, अंधार पडायच्या आत पोचवून ये. मऊ कापडात गुंडाळून, डब्यात ठेवून पेठेत जाऊन आले. डॉक्टरांनी दार उघडलं, डबा बघितला. "संपली वाटतं सुट्टी," म्हणाले. त्यांच्या पत्नींनी त्याला आधी कोमट पाण्यानं धुतलं, मग माझ्या हातावर लाडू ठेवला. गाडी चांगली ठेवलीत, असं डॉक्टर खाली येऊन, सगळ्या बाजूंनी फिरून, तिच्याकडे बघत म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले असते तर मला इतकं बरं वाटलं नसतं. आता वर घरी बसून लिहिते आहे. अक्षर सुधारलं असेल.

आता हे सगळं का लिहिलं, ते. फोनवर तू मध्येच "ताई, ऐक ना" म्हणतोस आणि मी ऐकते, हे एक. दुसरं असं, की तुझा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते, म्हणून स्पीकर लावला होता. आई समोर कोथिंबीर निवडत होती. "उद्यापुरता राहू दे" हे तिनं ऐकलं. "आईला यातलं काही सांगू नकोस" हेही ऐकलं. तू फोन ठेवलास. तिनं जुडी निवडून संपवली, देठं कागदात गुंडाळली आणि मला विचारलं, "मग मी स्टेशनवर येऊ की नको?" तिला राग आला नव्हता. उद्या ड्यूटी कुठल्या वॉर्डात, असं विचारावं तसं तिनं विचारलं. तिला वाटलं, गणपती ठेवायचा आणि तिला ठेवायचं नाही, असं काही तुझ्या मनात असेल. तुझ्या मनात तसं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण आपल्या आईनं कुणाला असं विचारलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. म्हणून मी ड्रायर घेऊन खाली गेले. उद्या ती माझ्याबरोबर स्टेशनवर येते आहे. त्यांनी विचारलं तरी आणि न विचारलं तरी, घरी पोचायच्या आत मी त्यांना सांगणार आहे. हे पत्र खाली वॉचमनकडे ठेवीन. तू ते आधी वाच, मग वर ये, आणि आल्यावर आईच्या शेजारी बस. तुझं नुकसान झालं तर ते ताईमुळे झालं असं तू म्हणू शकतोस. मी नाही म्हणणार नाही.

तू रागावलास तरी तुझीच,
ताई
(प्रियदर्शनी)

बिबवेवाडी, १० मार्च २००७

ता. क. रविवार सकाळ. रेल्वे वेळेवर आली. श्रद्धाचे वडील पुढे बसले, तिची आई आणि आपली आई मागे. स्वारगेटच्या सिग्नलला मी सांगितलं. सिग्नल सुटल्यावर तिचे वडील म्हणाले, "पोरीनं आमाले दिवाळीतच सांगतलं होतं. त्याले बोलू नको, असं आमीच तिले म्हटलं. तुमी सांगता का नाही, ते पाहाचं होतं." मग श्रद्धाच्या आईनं आईला विचारलं, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात होतात. लग्नाबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत. मुलगा दुपारी येतो ना, त्याच्याकडूनही ऐकू, एवढंच म्हणाले. आत्ता ते आईबरोबर चहा घेताहेत. जेवायचे थांबणार आहेत. पानं तू आल्यावर मांडू.