बत्तीसच्या आयपीसबद्दल, आणि बाकीच्या पाचांबद्दल

रविवार, दिनांक ९ मार्च २०२५, सायंकाळचे पाच वाजून वीस मिनिटे. सहाही आयपीसांना टोपणे लावून, पेटीला कुलूप घालून, किल्ली खिशातच आहे ना हे दोनदा चाचपून मी हा कागद लिहायला घेतला आहे.

मी, लेथवर काम करणारा कामगार, वय सव्वीस, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ आहे. किरकोळ असते तर तीन ठिकाणी सह्या घेतल्या नसत्या. माझे डोके ठिकाणावर आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले, तरी शुद्धलेखन पक्के आहे. या कागदात एखादा शब्द चुकलेला दिसला, तर तो मागाहून दुसऱ्याने घुसडला असे समजावे.

१. बँकेतली शिल्लक आईची. राहती खोली तिच्याच नावावर आहे, तरी लिहून ठेवतो, कारण मागच्या महिन्यात भाऊजी ही खोली पावलांनी मोजत होते. विचारले तर म्हणाले, पाय मोकळे करतोय.

२. मापे घ्यायचा व्हर्नियर माझा आहे, कारखान्याचा नाही. मालक काहीही म्हणोत. तो शेजारच्या मशीनवरच्या म्हाताऱ्या कारागिराला द्यावा. मागून नेलेली वस्तू पुसून परत देणारा तेवढा एकच माणूस मी पाहिला आहे.

३. आता आयपीस. दुर्बिणीला जिथे डोळा लावतात तिथे बसणारी ही छोटी नळी. दुर्बीण तीच राहते, आयपीस बदलला की दिसणे बदलते. नळीवरचा आकडा मोठा असेल तर आभाळाचा मोठा तुकडा दिसतो, लहान असेल तर थोडेच दिसते पण मोठे दिसते. चांगला नवा संच घ्यायचा तर मोटारसायकलीएवढे पैसे लागतात. म्हणून मी आणि चष्मेवाल्याने, म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या माझ्या शाळेपासूनच्या मित्राने, नियम केला की एका आयपीसला खिशातून सहाशेच्या वर घालायचे नाहीत.

पंचवीसचा दुर्बिणीबरोबर आला. सतराचा फुटक्या द्विनेत्रीतून काढला. त्याची नळी मी जेवणाच्या सुट्टीत भंगारातल्या ॲल्युमिनियमची केली, मालकाला विचारून. बाराचा जुन्या सूक्ष्मदर्शकाचा, त्याला बाहेरून कडे चढवले. नऊचा आणि सहाचा हे दोन्ही धंदा बंद करणाऱ्या फोटोग्राफरकडून घेतले. बत्तीसचा बाराशेला होता, तो नियमात बसावा म्हणून दोघांनी निम्मे निम्मे घातले.

त्याच बत्तीसच्या काचेला बुरशी लागली. चष्मेवाल्याने ती काढायला आयपीस चार दिवस दुकानात ठेवून घेतला. परत आला तेव्हापासून त्यातून एकही तारा धड दिसत नाही. प्रत्येकाला दोन बाजूंनी पंख फुटतात. लहान आकड्यांच्या आयपीसांतून तारे ठीक दिसतात, म्हणजे दुर्बीण चांगली आहे. चष्मेवाल्याच्या खणात काचा भरलेल्या असतात. पुढचे मी सांगायला नको.

मी विचारले तेव्हा तो रागावलाही नाही, आणि मला तेच खटकले. एवढेच म्हणाला, "आयपीस जागेवर गोल फिरवून बघ. पंख त्याच्याबरोबर फिरले तर काच माझी. नाही फिरले तर डोळा तुझा. मोठ्या आकड्यात प्रकाशाचा झोत जाड येतो, डोळ्याची खोट त्यातच दिसते."

ज्याच्यावर संशय त्यानेच सांगितलेली तपासणी मी कशाला करू? मी केली नाही. पाच महिने त्याच्या दुकानावरून जात नाही, पलीकडच्या गल्लीने जातो.

४. म्हणून माझ्या मागे दोन्ही साक्षीदारांनी बत्तीसमधून व्याधाचा तारा पाहावा. पंख दिसले तर सहाही आयपीस शाळेच्या विज्ञानाच्या बाईंना द्यावेत आणि चष्मेवाल्याला दारात उभे करू नये. नुसता टिपका दिसला तर पूर्ण संच चष्मेवाल्याचा. संच फोडून विकू नये.

५. साक्षीदार माझी ताई आणि खालचे शिंपीकाका. साक्षीदाराला आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मृत्युपत्रातले काही मिळत नाही, असे अर्जनवीसाने मला सांगितले आहे. साक्षीदार त्या हिशेबानेच निवडले.

इथपर्यंत लिहून सह्यांसाठी दोघांना बोलावले. ताईने सगळे वाचले. पाचव्या कलमाशी थांबून म्हणाली, "म्हणजे मला मान दिलास तो यांना काही मिळू नये म्हणून." मी पेन पुढे केले. मग तिने चौथे कलम पुन्हा वाचले आणि पेटीची किल्ली मागितली.

"ते माझ्या मागे करायचं आहे," मी म्हणालो.

"तू गेल्यावर मी रडत बसू की तारे बघू? आत्ताच बघते."

सात वाजले होते. गच्चीवर दुर्बीण मीच लावली. दोघांनी आपसात ठरवू नये म्हणून एकेकाला वर बोलावले. ताईने बराच वेळ डोळा लावला. म्हणाली, टिपका आहे, कडेला थोडं जांभळं. जांभळे पूर्वीपासूनच आहे, ते दुर्बिणीचे. पंख आहेत का, म्हणून मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले. ती म्हणाली, "अरे, तारा आहे तो, कोंबडी नाही." नंतर काका आले. ते अजून बिनचष्म्याने सुई ओवतात. त्यांनाही टिपकाच दिसला.

शेवटी मी डोळा लावला. पंख होते. काकांनी मला न विचारता आयपीस सावकाश फिरवला. पंख जागचे हलले नाहीत. मी मान वाकडी केली तेव्हा तेही माझ्याबरोबर वाकडे झाले.

काका म्हणाले, "सकाळी दुकान नऊला उघडतं त्याचं."

६. चौथे कलम आजच निकालात निघाले. सहाही आयपीस चष्मेवाल्याचे. विज्ञानाच्या बाईंचे नाव रद्द.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिले, साक्षीदारांदेखत सही केली, आणि माझ्यादेखत त्यांनी केली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: ताई (सही). शिंपीकाका (सही)
स्थळ: राहती खोली, वरचा मजला. दिनांक वरीलप्रमाणे, रात्रीचे आठ.

आयपीसांवर झालेला खर्च: सतराचा १४०, बाराचा २२५, नऊचा ५५०, सहाचा ४८०, बत्तीसमधला माझा निम्मा वाटा ६००. एकूण १,९९५.

येणे: काही नाही.

देणे: चष्मेवाल्याला बुरशी काढल्याचे ८०, जे मी त्याने काच बदलली असे समजून अडवून ठेवले होते, आणि उद्या सकाळी नऊला माझे डोळे तपासल्याचे ५०. एकूण १३०, रोख. पावती घेईन.