टाकीतली मंडळी

४ फेब्रुवारी
सांडपाण्याच्या टाकीवर फेस! पांढराफटक. साबणाचा असता तर दुपारपर्यंत बसला असता. हा बसत नाही.

६ फेब्रुवारी
पंप ठीक, हवा ठीक. तरी तपकिरी गाळ राखाडी पडत चाललाय. गावाचं सांडपाणी खाऊन जगणारे जंतू — माझी मंडळी — मरताहेत. ती आहेत म्हणून ओढ्याला स्वच्छ पाणी जातं आणि खालची गुरं ते पितात. चांगल्या टाकीला ओल्या मातीचा वास येतो. आज नासक्या अंड्यांचा येतोय.
ताई म्हणाली, "बहिणीपेक्षा जंतू लाडके तुला!" मग खोकत मोरीत गेली. हवा बदलली की तिचं हे असतंच.

९ फेब्रुवारी
कुणीतरी काहीतरी ओततंय. गाव ते केवढं, मूठभर घरं! कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं पोट बिघडलं, मला टाकीवरच कळतं. दुकानवाली तर सगळ्यांसमोर म्हणते, "हिच्या नाकापासून काय लपवणार? आपल्या पोटातलं हिला आधी ठाऊक!" सगळे हसतात. मीही हसते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

११ फेब्रुवारी
गल्लीतल्या गटाराची झाकणं वरच्या टोकापासून उघडत आले. वाकून वाकून वास घेतला. वेगळं काही नाही. फक्त परिटाच्या झाकणाशी साबण आणि सोडा. फेस साबणाचा नसेलही, पण सोड्याने मंडळी मरत असतील. तोच असणार!

१३ फेब्रुवारी
चारचौघांत परिटाला धरलं. "अहो बाई, साबण-सोड्यापलीकडे मी काही वापरत नाही," तो म्हणत राहिला. कोण ऐकतंय! गवंड्याने तिथल्या तिथे त्याची नळी सिमेंटने बुजवली. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती. मी झाकण लावून निघाले.

१६ फेब्रुवारी
परिटाचं पाणी बंद, तरी फेस तसाच. ओढ्यात मासे उताणे पडलेत. गवळ्याची कालवड उठत नाही. परीट नव्हता तो! आता कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?

१७ फेब्रुवारी
ब्लिचिंग पावडरचं पोतं तळाला गेलंय. पाणी ओढ्यात सोडण्याआधी शेवटच्या कुंडीत रोगाचे जंतू मारायला मी चिमूटभर टाकते, एवढं कसं संपलं? पोतं आमच्याच पडवीत असतं. उंदीर काही ब्लिचिंग खात नाहीत.
माझ्या हातांना, कपड्यांना कायम त्याचाच वास. त्यामुळे घरात तो आला तरी मला काय कळणार!
हे लिहिलं आणि हात थांबला.

१८ फेब्रुवारी
एक झाकण राहिलं होतं. आमचं. आमच्या मोरीची नळी गल्लीच्या रांगेत नाही, थेट टाकीत येते. म्हणून ते तपासायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.
उघडलं. डोळ्यांतून पाणी आलं. ब्लिचिंग!
वर बघितलं तर दोरीवर ताईचे रुमाल. रोजचेच. पण इतके पांढरे कधीपासून?

संध्याकाळी
ताईला विचारलं. तिने उशीखालून न धुतलेला रुमाल काढून हातात दिला. रक्त. खूप रक्त.
ती म्हणाली, "तुझ्या नाकाला कळलं असतं गं, छोटे. म्हणून ओतत होते."