मी शशिधर

कार्ल्सरूहे, ३ ऑक्टोबर २००४

पुण्याहून सुधीरकाकांचा परत फोन. डिसेंबरात अण्णांची जन्मशताब्दी, आणि अण्णा इथे राहिले त्या घराचा फोटो मी अजून पाठवलेला नाही! अण्णा म्हणजे माझे आजोबा, शशिधर. इथे केमिस्ट्री शिकले, मुंबईत रंगांच्या कारखान्यात केमिस्ट झाले, मग चळवळ, तुरुंग, शेवटी मंत्री. एवढं घरात सगळ्यांना पाठ. कार्ल्सरूहेबद्दल मात्र ते चकार शब्द काढत नसत.

इथल्या जर्मन पेपरात छोटी जाहिरात द्यावी.

१६ ऑक्टोबर

एकच फोन आला. फ्राउ आयश्लर, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या आईकडे दोन भारतीय विद्यार्थी भाड्यानं राहायचे, त्यातला एक शशिधर. बाई अजून त्याच घरात आहेत! उद्या बोलावलंय.

१७ ऑक्टोबर

जाऊन आले.

बाई नीटनेटक्या, डोकं ठिकाणावर. मी अण्णांचा मंत्री असतानाचा फोटो पुढे ठेवला. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा रामदास," त्या म्हणाल्या. "शशिधर इथेच वारला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

अठ्ठावीस सालच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत विषारी वायू शशिधरच्या छातीत गेला. दोन दिवस घरी पडून होता, मग संपला. मागे कोणीच नव्हतं त्याला, आईवडील लहानपणीच गेलेले. रामदास एका संस्थानाच्या स्कॉलरशिपवर आलेला. गावात त्याच्या लोकांना विहिरीला हात लावू देत नसत. पदवी घेऊन परत गेलो तरी ते सुटणार नाही, असं तो बाईंच्या आईला म्हणायचा. म्हणून पुरलं शशिधरला, आणि नाव लावलं रामदासचं. मरताना शशिधरनंच तसं सुचवलं — असं रामदास म्हणाला. खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

मग तो शशिधरच्या खुर्चीत जेवायला बसू लागला. त्याचा कोट घातला. त्याच्यासारखा भांग पाडला. बाई तेव्हा बारा वर्षांच्या. त्यांना शेजारी बसवून रोज आरशापुढे एकच वाक्य म्हणायचा — चेहरा कुठे हलला तर सांग, म्हणायचा.

ऐकायचंय का, बाईंनी विचारलं. डोळे मिटले.

"मी शशिधर. मी शशिधर."

स्वच्छ मराठी. अण्णांचं रेडिओवरचं भाषण आमच्याकडे टेपवर आहे. शेवटचा ‘र’ अगदी तसाच, किंचित लांबवलेला.

त्याची खोली दाखवते म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि निघाले.

१८ ऑक्टोबर

सकाळी आरशात बघायचं टाळलं.

२४ ऑक्टोबर

म्हातारपणाचा घोळ असेल का? कबरस्तानात गेले. इथे कबरी कायमच्या नसतात, मुदत संपली की जागा दुसऱ्याला देतात. त्या भागात आता वेगळीच माणसं आहेत, तिथला माणूस म्हणाला. तरी जाऊन उभी राहिले, हात जोडले. पण मनात नाव कोणतं घ्यायचं, तेच कळेना. वारा नव्हता, तरी मागे कोणीतरी श्वास घेतंय असं वाटत राहिलं. वळून न बघता ट्रामपर्यंत आले.

३१ ऑक्टोबर

काकांना सगळं सांगितलं. संतापतील असं धरून चालले होते — आमच्या घरचं सोवळं काकांनीच अजून सांभाळलंय. पण काका संतापले नाहीत.

सावकाश बोलू लागले. त्यांच्या लहानपणी दर दिवाळीला बंगल्याच्या मागच्या दाराशी एक म्हातारी यायची. अण्णा स्वतः तिच्यासाठी चहा नेत आणि पायरीवर तिला खेटून बसत. पोरं खिडकीतून बघायची. कोण ती, हे कधी कुणी विचारलं नाही.

"ती सारखं रामा, रामा म्हणायची," काका म्हणाले. "आम्हाला वाटायचं, देवाचं नाव घेतेय."