झोपेतलं माप

सोमवार, ८ सप्टेंबर

आजपासून मी कुणाचा नोकर नाही! अकरा वर्षं अंबडच्या एका कारखान्यात दुसऱ्याच्या नावाची कपाटं ठोकली, आता कार्डावर माझं नाव आहे. कुंदन मिस्त्री, फर्निचरची सर्व कामे. काल सायखेड्याहून बिऱ्हाडही आणलं. पाथर्डी फाट्याला दोन खोल्या आणि तुळस मावेल एवढी गॅलरी. आरोहीने आल्या आल्या सगळे नळ सोडून पाहिले आणि घर पास केलं. पोरगी सात वर्षांची झाली, आणि मी तिला भेटलो ते फक्त रविवारचा. मोहिनीला म्हटलं, आता आपलं काम, आपला वेळ. ती म्हणाली, "बघू." बायकोचं "बघू" म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

पहिलं काम गंगापूर रोडच्या एका बंगल्यात मिळालंय. वरच्या मजल्यावर मुलीची खोली करायची, पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल. पितृपक्ष लागलाय, या पंधरवड्यात नवं काम कोणी काढत नाही. बंगल्याच्या मॅडमना मात्र आजच सुरुवात हवी होती आणि दसऱ्याला खोली तयार. अनुभवी मिस्त्री नाही म्हणाले असतील, म्हणून तर माझ्यासारख्या नवख्याचं फावलं. वॉचमन यादवने किल्ली दिली. खोलीत भरपूर उजेड आहे, खिडकीशी पेरूचं झाड आहे. पॉलिशला कारखान्यातले माझे जुने सोबती फारुखभाई येतील. साइटची डायरी लिहायची सवय तिथलीच. आता मालक वाचणार नाही, तेव्हा घरचंही लिहीन म्हणतो.

बुधवार, १० सप्टेंबर

मॅडम फोनवर सगळं सांगतात, फक्त मुलीचं माप सांगत नाहीत. सात वर्षांची आहे, बाहेर असते, दसऱ्याला येईल, एवढंच. याआधी दोन मिस्त्र्यांनी ही खोली केली होती म्हणे. रेडिमेड मापाची होती, मुलीला चालली नाही, सगळी काढून टाकावी लागली. श्रीमंतांच्या लेकरांचे लाड!

मी विचार केला, घरात सात वर्षांची पोरगी असताना माप कशाला शोधत बसायचं? सकाळी सहाला निघताना आरोही झोपलेली होती. तिच्याशेजारी सागाची पट्टी ठेवली आणि पेन्सिलने खुणा करून घेतल्या. टाच ते डोकं तीन फूट दहा इंच दोन सूत, मग गुडघा, कोपर, खांदा. साइटवर पट्ट्यांची सरमिसळ होते, म्हणून कडेला नावही लिहिलं, आरोही. मोहिनी जागी झाली आणि वैतागली, की झोपलेल्या लेकराला काय मोजता, उठल्यावर उभी करून मोजा ना. मी म्हटलं, ती उभी असते तेव्हा मी घरी नसतो. बोलून गेलो खरा, पण ते दिवसभर मलाच टोचत राहिलं.

रविवार, १४ सप्टेंबर

आज आरोहीला सोमेश्वरचा धबधबा दाखवायचं कबूल केलं होतं. नऊला मॅडमचा फोन आला. पलंग बघायला येतायत, मी तिथे हवाच. आरोही सँडल घालून दारात उभी होती. तिला म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. तिने सँडल काढले आणि जागेवर नीट ठेवले. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मॅडम चाळिशीच्या असतील, साध्या, हळू बोलणाऱ्या. पलंगाच्या कडेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, हे बरोबर आहे, हे अगदी तिचंच आहे. पहिल्याच गिऱ्हाइकाची शाबासकी, माझी छाती फुगली. त्यांच्या भावाचे दोन बंगले व्हायचेत, तेही काम मलाच देणार आहेत. घरी आलो तर आरोही अकरापासून झोपलेली. चार वाजले तरी उठेना, शेवटी हलवून उठवलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दिवसाला वीस मेसेज. कपाट पिवळं हवं, मुठी बदला, टेबल एक सूत खाली घ्या. ताटावर बसलो की फोन, अंघोळीला गेलो की फोन. आरोही आता फोन वाजला की माझं अर्धं ताट झाकून ठेवते. मॅडमना नाही म्हणायची सोय नाही, नवीन माणसाचं नाव पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर असतं.

तिथली फरशी उताराची आहे, पलंग डुगडुगत होता. आरोहीची पट्टी हाताशी होती, तिचं काम झालंच होतं. तीच पायाखाली सरकवली आणि खिळे मारून टाकले. पलंग दगडासारखा पक्का बसला.

घरी आलो तेव्हा आरोहीने विचारलं, पप्पा, पिवळ्या कपाटाचा तिसरा ड्रॉवर अडकतो, तो नीट का नाही केला? मोहिनी म्हणाली, तुम्हीच फोटो दाखवला असेल. कपाट आज दुपारी बसवलंय. मी त्याचा फोटो काढलेला नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

तिसरा ड्रॉवर खरंच अडकतो. तो ज्यावर सरकतो ते चॅनेल बदललं.

शाळेतून बाईंचा फोन आला होता, आरोही वर्गात झोपते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. नवीन जागा आहे, रुळेल म्हणाले. सोमेश्वर आजही राहिलं. मॅडमनी गादी आणि चादर पाठवली होती, ती मीच घातली. जेवून वर गेलो तर चादर चुरगळलेली, मधोमध लहान मुलाएवढा खळगा. हात लावून पाहिला. उबदार होता. वाटलं ऊन पडत असेल, पण ऊन समोरच्या भिंतीवर होतं.

बुधवार, २४ सप्टेंबर

फारुखभाई पॉलिशला आले. पलंगाखाली वाकले, पट्टीवरचं नाव वाचलं आणि तसेच फरशीवर बसले. विचारलं, पोरीचं माप आडवं घेतलं का, झोपेत? मी हो म्हटलं. ते म्हणाले, आमच्यात माणूस गेल्यावर असं माप नेतात, कबरीसाठी. त्यांच्या उस्तादांचा नियम होता, की निजलेल्या जिवंत माणसाचं माप घ्यायचं नाही, आणि चुकून घेतलंच तर परक्या घरात ठेवायचं नाही. "कुंदनभाऊ, ये पट्टी घर लेके जाव. आजच्या आज."

मी हसण्यावारी नेलं. पलंग उलटा केला असता तर ओलं पॉलिश खराब झालं असतं, आणि पाचला मॅडम येणार होत्या. पण डायरीत खोटं कशाला लिहू? मी घाबरलो होतो. घाबरलो, आणि तरी पॉलिशचाच विचार केला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

अकराला शाळेत भोंडला होता. आरोहीला झोप लागू नये म्हणून मोहिनी सकाळपासून तिच्याशी बोलत होती. निळा परकर घातलेला. पप्पा येणार म्हणून पोरीने दोनदा तोंडावर पाणी मारून घेतलं. मी गाडीला किक मारली आणि फोन आला. टेबल आत्ताच्या आत्ता खिडकीकडे सरकवायचंय, जमत नसेल तर भावाचं काम दुसऱ्याला देते. दहा मिनिटांचं तर काम म्हणून गेलो.

मोहिनीचे सात फोन आले. मॅडम समोर उभ्या होत्या. मी सातही कट केले.

शाळेच्या मंडपात फेर धरताना आरोही खाली बसली आणि तिथेच झोपली. अजून उठलेली नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

दवाखाना. नाडी बरोबर, श्वास बरोबर. पोरगी उठत नाही. डॉक्टर एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. मोहिनी माझ्याशी एकच वाक्य बोलली. म्हणाली, मंडपात झोपेपर्यंत ती गेटाकडंच बघत व्हती.

यादवला जाऊन गाठलं. हात जोडले तेव्हा बोलला. मॅडमची मुलगी बाहेर नसते. तीन वर्षांपूर्वी वारली, सात वर्षांची होती, त्याच खोलीत. "लय आजारी व्हती, मिस्त्री. बाई तेव्हापासून तिची वाट बघत्यात." आधीच्या दोघांनी रेडिमेड माप लावलं. त्यांच्या लेकी वाचल्या. मी —

सोमवार, २९ सप्टेंबर

पहारीने पलंग उलटवला. पट्टी निघेना, खिळे मीच मारलेले. उपटून काढली. तिचं नाव तसंच होतं. गुडघ्यावर धरून मोडली, परत मोडली, चार तुकडे — हात रक्ताने —

मॅडम दारात होत्या. अडवलं नाही. मी शेवटचा तुकडा मोडला तेव्हा म्हणाल्या, "थँक्यू, कुंदनजी."

त्याच मिनिटाला मोहिनीचा फोन. उठली! आरोही उठली! जेवायला मागतेय. मी जिन्यात बसून लहान पोरासारखा रडलो.

मंगळवार, ३० सप्टेंबर

घरी आणली. मोहिनीला काकू म्हणते. मला मिस्त्रीकाका. आई कुठे आहे, विचारते. पेरू पिकले का, विचारते. डोळे आरोहीचे आहेत, त्यातून बघणारी आरोही नाही.

फारुखभाईंना फोन केला. ते म्हणाले, घरी न्या म्हटलं होतं, मोडा कधी म्हटलं? ती पट्टी म्हणजे तिची परतायची वाट होती.

दुपारी मॅडमची गाडी खाली येऊन थांबली. पोरगी दाराकडे धावली. मोहिनीने कडी घातली. आता ती दारावर मुठी आपटते, आई, आई करते. मोहिनी तिच्यासमोर गुडघे टेकून, मी हाय ना बाळा, मी हाय ना आई —

मला बघवत नाही. मग आरोही कुठे —

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

बंगल्यात आलोय. यादवने गेट उघडलं, खाली मान घातली. पलंग सरळ केला. चादर घातली. खूप हाका मारल्या.

मग खळगा पडला.

ती आहे. निळा परकर. मी बघतो तेवढा वेळच दिसते, नजर हलली की नुसती चादर —

भोंडल्यात तिला चौथ्या जागी उभं केलं होतं, सांगते. तिच्या मैत्रिणीचं नाव कशिश. समोरचा दात हलतोय. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

विचारते, पप्पा, आज तुम्हाला काम नाही? नाही गं. कुठेच नाही.

लिहायला मान खाली घातली की जाते. दर वेळी यायला जास्त वेळ लावते. मघाशी तर किती हाका —

मोहिनी, तुला कळावं म्हणून लिहितोय. मी घरी येऊ शकत नाही. मी उठलो तर इथे तिच्याकडे कोण —

रडतेय. पप्पा, लिहू नका, माझ्याकडे बघा. हो बेटा. एवढी एकच ओळ, एवढी झाली की मग मी